नात्याच्या रकान्यात मैत्रीण

फॉर्मच्या शेवटी दोन रकाने होते. सोबत आलेल्या व्यक्तीचं नाव, आणि त्यापुढे नातं. धाकटीने पहिल्या रकान्यात माझं नाव लिहिलं. दुसऱ्या रकान्यावर तिचं पेन जरा थांबलं आणि मग तिने लिहिलं, 'मैत्रीण'. मी तिची सख्खी मावसबहीण. तिच्या बारशाला तिला मांडीवर कोण घेणार यावरून मी घर डोक्यावर घेतलं होतं, असं आमची आजी शेवटपर्यंत सांगायची. मी काही विचारायच्या आत ती हळूच म्हणाली, "ताई, बहीण लिहिलं की हे लोक माहेरचा नंबर मागतात. मग आईला कळणार, आणि आईकडून सासूबाईंना." सिस्टरने सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या. धाकटी एक ओळ न वाचता भराभर सह्या करत सुटली. मी तो कागद तिच्या हातातून घेतला आणि आम्ही दोघींनी तो पहिल्या ओळीपासून वाचला. सिस्टर शांतपणे उभ्या राहिल्या, घाई केली नाही, याबद्दल मला त्यांचं आजही कौतुक वाटतं.

धाकटीची लायपोसक्शनची, म्हणजे कातडीखालची चरबी नळीने ओढून काढायची, शस्त्रक्रिया होऊन आता बराच काळ लोटला आहे. ती ठणठणीत आहे. हे लिहायला तिनेच सांगितलं, फक्त नाव घालू नकोस म्हणाली. ऑपरेशनबद्दल माझ्या मनात जे काही आहे ते मात्र अजूनही त्या एका रकान्याशी येऊन अडतं. घरी तिने ऑफिसचं ट्रेनिंग आहे, नाशिकला जातेय असं सांगितलं होतं. नवऱ्यालाही तेच. आणि भूल देऊन, शरीरात नळी घालून करायच्या शस्त्रक्रियेला ती अशी एका खोट्या नात्याच्या आधाराने निघाली होती.

तिला तिथवर कशाने आणलं ते मला ठाऊक होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सोसायटीतल्या एका काकूंनी वाण हातात देताना तिच्या पोटाकडे बघून विचारलं होतं, "काय गं, परत गोड बातमी?" तिचा धाकटा तेव्हा 3 वर्षांचा होता. ती हसली, तिळगूळ घेतला, घरी आली आणि अंगावरची काळी चंद्रकळा सोडून तिने पलंगावर टाकली. ती साडी पुन्हा नेसली नाही. आपल्याकडे बाईच्या अंगाबद्दल बोलायला कुणाला परवानगी लागत नाही. "सासर मानवलं हो", "किती सुटलीस", "दोन मुलं झाली की असंच व्हायचं" हे सगळं प्रेमाने, पाठीवरून हात फिरवत बोललं जातं. घरातल्या लग्नाचे अल्बम काढून बघा. पस्तिशी ओलांडलेल्या निम्म्या बायका मागच्या रांगेत असतात, आणि पुढे असल्या तर कुणाचं तरी मूल उचलून पोटापुढे धरलेलं असतं. धाकटी तर पोटापुढे पर्स धरायची. बसमध्ये, लिफ्टमध्ये, नातेवाइकांच्या बैठकीच्या खोलीत सोफ्यावर बसली तरी मांडीवर उशी ओढून घ्यायची.

म्हणून "कशाला हवंय हे असलं?" हे वाक्य माझ्या ओठांवर यायचं आणि तिथेच राहायचं. मला ते ऑपरेशन नको होतं. आणि ती उशी तिने बाजूला ठेवावी, हेही मला तितकंच हवं होतं.

पहिल्यांदा आम्ही ज्या ठिकाणी गेलो ते नाव इथे लिहिणार नाही. गुळगुळीत फरशी, मंद सुगंध, भिंतीवर एका सपाट पोटाचा मोठा फोटो. आमच्याशी बोलली ती डॉक्टर नव्हती, 'काउन्सेलर' होती. तिने टॅबवर आधीचे-नंतरचे फोटो दाखवले, हप्त्यांची सोय सांगितली, "शुक्रवारी करा मॅडम, सोमवारी ऑफिसला" असं म्हणाली. डॉक्टर आले ते उभ्याउभ्याच बोलले. त्यांनी धाकटीच्या पोटाला हातही लावला नाही. कोणत्या गोळ्या चालू आहेत, बाळंतपणं कशी झाली, घराण्यात कुणाला पायात गुठळी झाली होती का, यातलं काही विचारलं नाही. बाहेरच्या पाटीवर त्यांच्या नावापुढे अक्षरांची मोठी रांग होती, पण त्यात प्लास्टिक सर्जरीची पदवी नव्हती. लोकांना हे कळत नाही आणि त्यात लोकांचा दोष नाही. एमबीबीएसनंतर जनरल सर्जरीत एमएस आणि त्यानंतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच, किंवा त्याच विषयातलं डीएनबी (आता त्याला डीआरएनबी म्हणतात), हा या कामाचा सरळ रस्ता आहे. कॉस्मेटॉलॉजीचा डिप्लोमा म्हणजे ते शिक्षण नव्हे. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नये. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तो पडताळता येतो, आणि प्रामाणिक डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

दुसरे सर्जन वयाने मोठे होते, बोलायला जरा तुटक. त्यांनी धाकटीला उभं करून, मग आडवं करून तपासलं. कमरेच्या बाजूचा भाग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून पाहिला. मग म्हणाले, "हात डोक्यामागे घ्या आणि फक्त मान वर उचला." तिने मान उचलली तशी पोटाच्या मधोमध, बेंबीच्या वरपासून खालपर्यंत, एक उभी फुगवटी उठून आली. त्या फुगवटीवर त्यांनी दोन बोटं ठेवली आणि ती सहज आत गेली. "ही चरबी नाही," ते म्हणाले. "गरोदरपणात पोटाचे मधले स्नायू दोन बाजूंना सरकतात. तुमचे परत जवळ आलेले नाहीत. मी इथली सगळी चरबी ओढून काढली तरी पोट पुढेच दिसणार." त्यासाठी नीट शिकून घेतलेला व्यायाम, फिजिओथेरपी, आणि त्याने भागलं नाही तर टमी टक, म्हणजे कातडी कापून स्नायू शिवून घ्यायचं वेगळं आणि बरंच मोठं ऑपरेशन, असं त्यांनी सांगितलं. लायपोसक्शनने फार तर कमरेच्या दोन्ही बाजू आणि पाठीचा खालचा भाग नीट होईल. सैल झालेली कातडी त्याने घट्ट होत नाही, बाळंतपणाचे व्रण जात नाहीत, मांडीवरच्या खळ्याही जात नाहीत. धाकटीने विचारलं, "वजन किती उतरेल?" ते म्हणाले, "दोनेक किलो. आणि पहिल्या आठवड्यात सुजेमुळे काटा उलट वर गेलेला दिसेल. वजन कमी करायला आला असाल तर मी तुमचं ऑपरेशन करणार नाही."

त्या दिवशी घरी येताना रिक्षात ती काही बोलली नाही. मला मात्र त्या तुटक माणसाबद्दल एकदम विश्वास वाटायला लागला होता.

चिमटीत येते ती चरबी कातडीच्या लगेच खाली असते. लायपोसक्शनची नळी तिथेच फिरते. आतड्यांभोवती, यकृताभोवती जी चरबी साठते ती स्नायूंच्या पलीकडे असते, तिथवर ही नळी जात नाही आणि जाऊही नये. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांच्याशी जिचं जास्त साटंलोटं आहे ती ही आतली चरबी. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 2004 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. 15 लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची चरबी त्यांनी लायपोसक्शनने काढली, सरासरी 9-10 किलो. एवढी चरबी काढणं हेच फार झालं. दहा-बारा आठवड्यांनी तपासण्या केल्या तेव्हा साखर, इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, कशातच म्हणण्यासारखा फरक पडलेला नव्हता. त्याच साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचा शेजारीशेजारी उभं राहून काढलेला एक फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात 21.2. बघायला दोघेही सडपातळ. आपल्या घराघरांतले बारीक अंगकाठीचे, तरी चाळिशीत साखरेच्या गोळ्या सुरू झालेले काका आठवले की तो फोटो पटकन समजतो. म्हणजे हळदीकुंकवात ज्या चरबीकडे बोट दाखवलं जातं ती एक, आणि शरीरात गुपचूप काम करत राहते ती दुसरी. धाकटीची साखर, तिचं एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, हे तिच्या लग्नानंतर कुणीही विचारलेलं नव्हतं. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत ती साखर मधुमेहाच्या सीमेवर आलेली निघाली. त्या सर्जननी तिला आधी तीन महिने फिजिशियनकडे पाठवलं. मला विचाराल तर त्या सगळ्या खटाटोपात तिच्या तब्येतीचं खरं भलं झालं ते त्या तीन महिन्यांत.

ऑपरेशन कसं करतात हे मी त्या काळात जमेल तेवढं वाचून काढलं. 1920च्या दशकात पॅरिसमध्ये शार्ल द्युजारिए नावाच्या सर्जनने एका नर्तकीच्या पायावरची चरबी खरवडून काढायचा प्रयत्न केला. रक्तवाहिनीला इजा झाली, पाय सडला आणि कापावा लागला. पुढे कित्येक वर्षं या वाटेला कुणी फारसं गेलं नाही. सत्तरच्या दशकात इटलीत फिशर पितापुत्रांनी नळीने चरबी ओढून घ्यायची पद्धत काढली, आणि फ्रान्समध्ये इव-जेरार इलुझ यांनी टोकाला बोथट असलेली नळी वापरून ती पुष्कळ सुरक्षित केली. टोक बोथट असलं की रक्तवाहिन्या आणि नसा कापल्या जात नाहीत, बाजूला सरकतात. तरी रक्तस्राव बराच व्हायचा. तो आटोक्यात आला तो जेफ्री क्लाइन या कॅलिफोर्नियातल्या त्वचारोगतज्ज्ञांमुळे. 1987 साली त्यांनी जी पद्धत छापली तीच थोड्याफार फरकाने आज सगळीकडे चालते. सलाईनमध्ये लिडोकेन हे बधिर करणारं औषध आणि रक्तवाहिन्या आकसवणारं ॲड्रेनलिन मिसळून ते पाणी कातडीखाली भरपूर सोडायचं, भाग टम्म फुगून टणक झाला की बारीक छिद्रांतून नळी घालून पुढेमागे करत चरबी ओढायची. लेझर, व्हेजर वगैरे जी नावं जाहिरातीत झळकतात ती चरबी सुटी करायची वेगवेगळी साधनं आहेत. कुठलंही साधन असलं तरी शेवटी नळी घालून चरबी ओढावीच लागते, आणि त्यातली मेहनत व जोखीम संपत नाही.

ऑपरेशनच्या सकाळी सर्जनने धाकटीला आरशासमोर उभं करून मार्करने अंगावर रेषा काढल्या. आडवं झाल्यावर चरबी सरकते, म्हणून हे उभ्यानेच करतात. कमरेवर एकात एक वर्तुळं, भूगोलाच्या पुस्तकातल्या डोंगराच्या नकाशासारखी, मधल्या वर्तुळात सगळ्यात जास्त उंची. मार्कर गार होता, तिच्या अंगावर काटा आला. तिने मान दुसरीकडे फिरवली होती. नंतर मला म्हणाली, "ताई, माझ्या कमरेकडे इतकं नीट लक्ष देऊन याआधी कुणी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवत नव्हतं."

भूलतज्ज्ञ बाईंनी मात्र मला बाहेर बोलावून एक प्रश्न विचारला: "आज रात्री हिच्याजवळ कोण झोपणार?" मी म्हटलं, मी. त्या म्हणाल्या, "झोपू नका फार." मग त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक पेशंटला आणि तिच्या माणसांना कळायलाच हवं. कातडीखाली सोडलेलं ते बधिर करणारं औषध हळूहळू रक्तात उतरत असतं, आणि त्याची रक्तातली पातळी सगळ्यात वर जाते ती साधारण 12 तासांनी किंवा त्याहीनंतर. म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे मॉनिटर लावलेले असतात तेव्हा नाही, रात्री पेशंट अंथरुणावर असते तेव्हा. ओठांना-जिभेला मुंग्या, कानात आवाज, तोंडात धातूसारखी चव, असंबद्ध बोलणं, गुंगी, असं काही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. म्हणून औषधाचा डोस वजनावर मोजून ठरवतात, आणि म्हणूनच एका बैठकीत पाठ, पोट, मांड्या, दंड सगळंच उरकून घेऊ, तेवढेच पैसे वाचतील, या विचाराच्या वाटेला जाऊ नये. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने चरबी आणि पाणी मिळून 5 लिटरच्या वर काढलं तर ते मोठं लायपोसक्शन धरलंय, आणि त्यानंतर पेशंटला रात्रभर देखरेखीखाली ठेवायला सांगितलंय. शरीरातून एवढं काही गेलं आणि वरून एवढं पाणी आत सोडलं की पाण्याचा हिशेब चुकून फुप्फुसात पाणी साठू शकतं.

दुसरी मोठी भीती रक्ताच्या गुठळीची. पायाच्या शिरेत गुठळी होते आणि सुटून फुप्फुसात जाऊन अडकते. अमेरिकेतल्या सौंदर्यशस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांकडून माहिती घेऊन 2000 साली एक पाहणी छापली गेली होती. सुमारे 5 लाख लायपोसक्शनमागे 95 मृत्यू, म्हणजे साधारण 5 हजारांत एक, आणि त्यातल्या जवळपास चौथ्या हिश्श्याचं कारण ही फुप्फुसातली गुठळी. आकडा जुना आहे, त्यानंतर पद्धती सुधारल्या आहेत. पण आजारी नसलेल्या माणसाने आपल्या इच्छेने करून घेतलेल्या ऑपरेशनसाठी तो मला लहान वाटत नाही. चरबीचे कण रक्तात जाऊन फुप्फुसात किंवा मेंदूत अडकणं, नळी पोटाच्या पडद्यापार जाऊन आतड्याला भोक पडणं, जखमेत जंतू शिरून झपाट्याने पसरणं, हे सगळं क्वचित होतं, पण होतं. गर्भनिरोधक गोळ्या, ॲस्पिरिन, सिगारेट, आणि 'नैसर्गिक आहे, त्याने काय होतंय' म्हणून घेतलेली लसणीची कॅप्सूल किंवा काढा, यातलं सगळं डॉक्टरांना सांगावं लागतं. काही गोष्टींनी गुठळीचा धोका वाढतो, काहींनी रक्त थांबत नाही.

2022च्या मे महिन्यात बंगळुरूमध्ये चेतना राज ही कन्नड मालिकांत काम करणारी 21 वर्षांची मुलगी चरबी काढायच्या शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी गेली. घरी न सांगता ती गेली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. तिच्या बाबतीत नेमकं काय झालं यावर मी बोलणार नाही. पण ती बातमी वाचताना मला त्या मुलीच्या मनातलं ते 'घरी कळायला नको' फार ओळखीचं वाटलं. आपल्या मुली अपेंडिक्सचं ऑपरेशन लपवत नाहीत. ज्या अंगावरून आपण त्यांना येताजाता टोकतो, तेच अंग दुरुस्त करून घ्यायला गेल्या तर 'नसते शौक' म्हणून पुन्हा टोकणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी धाकटीची पोटरी दुखायला लागली. डावीच, एका जागी, दाबलं की कळ. ती मला संध्याकाळपर्यंत बोलली नाही. चालताना पाय आखडतेय हे पाहून मी विचारलं तेव्हा म्हणाली, "असेल गं अवघडलं. डॉक्टरांना नको सांगूस, ते ॲडमिट करतील, मग घरी काय सांगू?" मी फोन लावला. सर्जन म्हणाले, आत्ता निघा, डॉपलर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घेऊ. रात्री साडेनऊला त्या थंडगार सोनोग्राफीच्या खोलीत जेल लावलेल्या तिच्या पायावर तो प्रोब फिरत होता, पडद्यावर निळं-लाल काहीतरी लुकलुकत होतं, आणि तिच्या उशाशी ठेवलेला फोन सारखा वाजत होता. नवऱ्याचा. नाशिकच्या हॉटेलात ती नाही हे त्याला कळलं होतं. तो फोन मी घेतला. गुठळी नव्हती, स्नायू धरला होता. अर्ध्या तासात तो आला. ऑपरेशनबद्दल त्याने एक शब्द काढला नाही. तो तिच्या पायाशी स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" धाकटी भिंतीकडे बघत म्हणाली, "तू नको म्हणाला असतास." "म्हणालो असतो," तो म्हणाला, "पण आलो असतो."

त्यानंतर ती स्वतःच्या घरी गेली आणि पुढचे आठवडे मी तिला रोज पाहत होते. हे आठवडे जाहिरातीत नसतात. पहिल्या दोन रात्री बारीक छिद्रांतून गुलाबीसर पाणी गळत राहतं. ती छिद्रं मुद्दाम पुरती शिवत नाहीत, आत भरलेलं पाणी निघून जावं म्हणून. अंथरुणावर प्लास्टिक, त्यावर बाळाचे असतात तसे पॅड, तरी चादर ओली आणि वासाने मळमळ. अंगावर घट्ट बसणारा दाबाचा पोशाख चार-सहा आठवडे जवळजवळ चोवीस तास घालायचा. एप्रिलच्या उन्हात तो घातला की आत घामाच्या धारा, कडेला काचून लाल वळ, हुकांची रांग लावायला दोन माणसं. आंघोळीसाठी तो पहिल्यांदा काढला तेव्हा धाकटीच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. हे होतं असं सिस्टरने सांगून ठेवलं होतं, म्हणून बाथरूममध्ये आधीच स्टूल ठेवलं होतं आणि दाराला कडी लावायची नाही असं ठरवलं होतं. कमरेवर जांभळे, मग हिरवट, मग पिवळे डाग. कातडी बधिर, साबणाचा हात फिरला तर दुसऱ्याच कुणाच्या अंगावरून फिरल्यासारखा वाटतो म्हणायची. दोन-तीन आठवड्यांनी आत गाठीगाठी लागायला लागल्या तेव्हा ती घाबरली. तोही भरून येण्याचाच भाग होता, मसाज करून त्या हळूहळू विरल्या, पण सगळ्यांच्याच विरतात असं नाही. काहींना खड्डे, उंचवटे कायमचे राहतात, काहींची कातडी काळवंडते. सूज पूर्ण उतरायला तीन ते सहा महिने लागतात, तोवर आरशावर विश्वास ठेवायचा नसतो. आणि या सगळ्यात अंथरुणाला खिळून राहायचं नाही, पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात चालायचं, कारण पुन्हा तीच गुठळीची भीती.

खर्चाचं एकच सांगते. आरोग्यविम्यात सौंदर्यासाठीचं ऑपरेशन बसत नाही, आणि इतर उपचारांवर नसलेला 18 टक्के जीएसटी त्या बिलावर लागतो. आकडा विचारताना भूल, पोशाख, तपासण्या, नंतरच्या फेऱ्या आणि काही बिघडलंच तर आयसीयू कुठलं, तिथले पैसे कोण देणार, हे सगळं धरून लेखी विचारावं.

धाकटीची कंबर आता सुबक दिसते. मला वाटलं होतं त्यापेक्षा फरक कमी आहे, आणि तिला झालेला आनंद मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त आहे. पोट थोडं पुढे आहेच, ते सर्जननी आधीच सांगितलेलं असल्यामुळे तिची फसगत झाली नाही. फिजिओथेरपीने स्नायूंची फट बरीच कमी झाली आहे. काढलेल्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेल्या फुगू शकतात. कोलोरॅडो विद्यापीठातल्या एका अभ्यासात मांड्यांची चरबी काढलेल्या स्त्रियांमध्ये वर्षभरात तेवढीच चरबी परत आली होती, मांड्यांवर नाही, पोटाच्या वरच्या भागात आणि दंडांवर. हे तिला मी वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणून तर चालायला जाते ना." रोज सकाळी नवऱ्याबरोबर टेकडीवर जाते. सासूबाईंना अजून माहीत नाही. तिला सांगायचंही नाही, आणि तो तिचा प्रश्न आहे. सगळ्या जगाला सांगावं असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. एक माणूस पुरतं, पण ते रात्री जागणारं, खरं नातं सांगून डॉक्टरांना फोन करणारं, आणि पोटरी दुखतेय हे जिला किंवा ज्याला लगेच सांगता येईल असं हवं.

गेल्या आठवड्यात आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी जिन्यात थांबली. 22 वर्षांची, नुकतीच नोकरी लागलेली. कुठूनतरी धाकटीचं तिच्या कानावर गेलं होतं. दंडांचं करून घ्यायचंय म्हणाली, एक ठिकाण बघितलंय, सवलत चालू आहे, महिनाअखेरीपर्यंत. मी तिला सर्जनचं शिक्षण विचारलं, ते तिला माहीत नव्हतं. भूल कोण देणार विचारलं, तेही नाही. घरी सांगितलंस का विचारलं तेव्हा तिने जिन्याच्या कठड्यावरचा हात काढून घेतला. मी तिला नको म्हटलं नाही. महिनाअखेर विसर, म्हटलं. रविवारी ती आणि तिची आई आमच्याकडे येतायत. आईला ती शनिवारी रात्री सांगणार आहे. त्यानंतरच्या मंगळवारी त्या तुटक बोलणाऱ्या सर्जनची वेळ घेतली आहे. तोवर तिने चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी करायची आहे आणि उपाशीपोटी साखर तपासून रिपोर्ट सोबत आणायचा आहे.